चिकोरीवाले अण्णा

अण्णा कॉफीची पूड कानानं तपासत. थट्टा नाही करत. गिरणीतून उतरलेली चिमूटभर पूड अंगठा आणि बोटात धरायची, कानाशी न्यायची, डोळे मिटून चोळायची आणि मग निकाल द्यायचा, "जाड आहे हो. अजून बोलायलीय." पूड बोलायची थांबेपर्यंत ते गिरणीचा पेच पिळत राहायचे. धारवाडात मळमड्डीत आमच्या घरापासून चार पावलांवर त्यांचं कॉफी भाजून-दळून द्यायचं दुकान होतं. त्यांच्याबद्दल कौतुकानं लिहावं म्हणून बसलोय खरा, पण आधीच सांगून टाकतो, या माणसाशी मी फार वाईट वागलो. आणि चुकलं म्हणून त्यांना कधी सांगितलं नाही.

नवीन गिऱ्हाईक आलं की किती पूड पाहिजे हे ते विचारतच नसत. "घरात कोण कोण पिणार?" इथून सुरुवात. सासूबाईंना झोप लागत नाही? मग कॉफीत मिसळायची ती चिकोरीच्या मुळांची पूड वाढवायची. मुलगा परीक्षेला बसलाय? मग कमी करायची. एकदा कुणीतरी वैतागून म्हणालं, "अण्णा, कॉफी द्या, शिरगणती नको." त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "हौदरी, खरंय, पण पिणार माणूस की. पुडीला काय विचारू?" प्रत्येक घराचं मिश्रण त्यांना तोंडपाठ होतं.

मी कॉलेजात शिकवतो. म्हणजे आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत. दोन-तीन वर्षांपूर्वी मी घरी एस्प्रेसोचं मशीन आणलं. चार रात्री जागून व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली आणि पहिल्याच दिवशी काय केलं? घरातली रोजची फिल्टरची पूड, चांगली तीस टक्के चिकोरी घातलेली, त्यात ठासून भरली. धारवाडच्या घरात कॉफीची पूड म्हटल्यावर दुसरी असणार तरी कुठली! मशीन घरघरलं, थरथरलं, पण खाली थेंब पडेना. ओली चिकोरी फुगून जाळीत चिकटून बसली होती. मी त्या जाळीची मूठ हिसका देऊन काढली, तशी पिचकारी थेट समोरच्या कॅलेंडरवर. आमची ही दारातून म्हणाली, "माझा पितळी फिल्टर इतक्या वर्षांत कधी अंगावर आला नव्हता हो."

तिनंच अण्णांना बोलावून आणलं. अण्णांनी जन्मात एस्प्रेसो पाहिलेला नव्हता. हात मागं बांधून ते मशीनभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "दाबानं पाणी घालायचं म्हणा की. मग चिकोरी कशाला चालेल? हिला दाब सोसत नाही." दुसऱ्या दिवशी नुसत्या बियांची पूड घेऊन आले. ती जाड निघाली, दहा सेकंदांत सगळं पाणी धो धो खाली, आणि चव अशी आंबट की डोळे मिटले. पुढची फार बारीक, थेंब थेंब, कडू जहर. अण्णा हटले नाहीत. रोज संध्याकाळी दुकान ओढून घेतलं की आमच्या स्वयंपाकघरात हजर. माझ्याकडे घड्याळ, वजनकाटा, सगळा सरंजाम. ते आपले जप केल्यासारखे बोटांच्या पेरांवर सेकंद मोजायचे. तेराव्या का चौदाव्या दिवशी मधासारखी बारीक धार लागली. दोन्ही हातांची चोवीस पेरं संपली आणि अण्णा ओरडले, "बंद करा!" बोटभर कॉफी, वर तांबूस साय. त्यांनी एक घोट घेतला आणि तो जिभेवर घोळवला. मग म्हणाले, "एवढंसंच आहे, पण तासभर तोंडात बसतंय बघा."

त्यानंतर दर दोन दिवसांनी माझी वेगळी पुडी यायची. ताज्या भाजलेल्या बिया लगेच दळून द्या म्हणून मी घाई केली की अण्णा मान हलवत. "आठ दिवस दम खाऊ दे तिला. तापलेल्या माणसाशी आणि तापलेल्या बीशी लगेच बोलायला जाऊ नये." हवा ओली असली तर न सांगता पूड किंचित जाड काढून आणायचे. माझी कॉफी चांगली होऊ लागली, इतकी की मळमड्डीत माझं नाव झालं. मी ते होऊ दिलं.

मग तो रविवार आला. केशवापूरचे आमचे एक प्राध्यापक मित्र त्यांच्या मेव्हण्याला घेऊन आले. मेव्हणा बेंगळूरचा, कॉफीतला दर्दी म्हणे. मी मशीनपुढं उभा राहून नाटकासारखी कॉफी करत होतो, तेवढ्यात अण्णा पुडी घेऊन आले. हिनं त्यांना आग्रहानं बसवलं. मेव्हण्यानं घोट घेतला आणि उडालाच. "वा सर! धारवाडात ही कॉफी? बी कुठली?"

आणि मी म्हणालो, "बेंगळूरहून मागवतो. एक खास माणूस आहे."

"आणि हे शिकलात कुठं?"

"स्वतःच. वाचून, पाहून."

अण्णा माझ्यापासून तीन हातांवर स्टुलावर बसले होते. मेव्हण्यानं त्यांच्याकडे बघून विचारलं, "हे कोण?" इथं तरी सावरायचं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी हसून म्हणालो, "हे आमचे चिकोरीवाले अण्णा." सगळे हसले. मेव्हणा म्हणाला, "काय अण्णा, कशी वाटली सरांची कॉफी?" अण्णांनी हातातली पुडी हळूच पिशवीत सरकवली. तिच्यावर त्यांच्या दुकानाचा निळा शिक्का होता. म्हणाले, "आम्हाला काय कळतंय हो यातलं? सरांच्या हातचं म्हणजे चांगलंच असणार की." कप स्वतः विसळून ठेवला आणि "बर्तीनरी" म्हणून निरोप घेऊन गेले. जाताना पुडी चपलांच्या फळीवर ठेवून गेले.

पाहुणे गेल्यावर ही एवढंच म्हणाली, "लाज वाटली नाही?" वाटली. तेव्हाही वाटली होती, बोलतानाच वाटली होती, तरी बोललो. का बोललो म्हणाल, तर एवढं परदेशी मशीन, आणि पूड शेजारच्या दुकानातली आणि गुरू चिकोरी विकणारा, हे त्या माणसापुढं मला हलकं वाटलं. मुलांना मी रोज प्रामाणिकपणावर व्याख्यानं देतो. काय उपयोग?

दोन दिवसांनी पुडी आली. ठरल्याप्रमाणे, वेळेवर, पण कोऱ्या कागदात. शिक्का नाही. मी विचारलं, "हे काय अण्णा?" ते अगदी साधेपणानं म्हणाले, "तुमच्याकडं मोठी माणसं येतात की. नाव दिसलं तर तुम्हाला अडचण नको म्हणून." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी रागवावं, चार शब्द सुनवावेत असं फार वाटत होतं मला, पण ते मशीनची जाळी रोज धुता का, एवढंच विचारून गेले. पुढं वर्षभर तशीच कोरी पुडी येत राहिली आणि मी ती घेत राहिलो.

ही रोज म्हणायची, "जाऊन सांगा की एकदा, चुकलं म्हणून." एकदा गेलोही दुकानात. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, म्हटलं, पांगू देत. ती पांगली तर आणखी दोन आली. शेवटी "अण्णा, त्या रविवारी" एवढं म्हणालो, तर त्यांनी नवी भाजलेली बी माझ्या तळहातावर ठेवली. "वास घ्या आधी. चिकमगळूरची आहे." मी वास घेतला, छान आहे म्हणालो आणि घरी आलो. उद्या जाऊ, परवा जाऊ. मग अण्णांना छातीचं दुखणं लागलं, मुलगी त्यांना अळणावरला आपल्या घरी घेऊन गेली, आणि महिन्याभरात ते गेल्याचा निरोप आला.

आम्ही दोघं अळणावरला भेटायला गेलो. सोप्यावर गावातली दहा-बारा माणसं बसली होती. मी कोण ते सांगितल्याबरोबर मुलगी लगबगीनं पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हेच ते धारवाडचे सर! आमचे अप्पा इथं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायचे, जन्मभर कॉफी विकली, पण कॉफी म्हणजे काय ते मला सरांनी शिकवलं म्हणून."

मी म्हणालो, "नाही हो ताई. उलट आहे ते. मला त्यांनी शिकवलं. सगळं त्यांनीच."

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि हसली. "अप्पा म्हणालेच होते, सर असंच म्हणतील बघ. फार मोठ्या मनाचे आहेत."

बसलेली सगळी माणसं आदरानं माझ्याकडे बघू लागली. एका म्हाताऱ्यानं सरकून मला जागा करून दिली. ही माझ्याकडे बघत होती. त्या रविवारचं सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं आणि त्या जागेवर जाऊन बसलो.