व्हिटॅमिनची बाटली

मस्कतला औषधांच्या दुकानात नोकरीला लागले तेव्हा सगळ्यात आधी एक शब्द शिकले: सलामात. लवकर बरे व्हा. गोळ्या हातात देताना तो म्हणायचाच. इथे कुणाचं नुसतं पोट बिघडलं तरी अख्खं गणगोत फळं घेऊन भेटायला येतं आणि प्रत्येक जण हा शब्द म्हणतो.

काल काळा अबाया घातलेली एक बाई मनाच्या आजाराच्या गोळ्या न्यायला आली. दूरच्या वस्तीतून, मुद्दाम ओळख नसलेल्या दुकानात. खोकं तिने तिथेच फाडलं. पर्समधून व्हिटॅमिनची रिकामी बाटली काढली आणि पट्टीतली एकेक गोळी दाबून तिच्यात टाकू लागली.

"धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय," ती म्हणाली. "मुलाकडच्या बायका घरी येतात. कळलं तर म्हणतील, यांच्या रक्तातच आहे."

हे मला नवं नव्हतं. आमच्या सांगलीच्या घरात मामा वर्षभर आतल्या खोलीत पडून होता. आई सगळ्यांना सांगायची, तो नोकरीसाठी बाहेरगावी असतो. नुसता ताप असता तर दाराशी चपलांचा ढीग पडला असता. त्याच्या खोलीत एक संत्रंसुद्धा कुणी नेलं नाही. मीही नाही.

बाईने झाकण घट्ट लावलं. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "सलामात."

ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. दुकानात दुसरं कुणी नाही ना, हे तिने आधी पाहून घेतलं.

"चार वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणाल?"