वर्तणूक चांगली असल्याचा दाखला

चर्चच्या वहीत तिची नोंद अशी आहे: तंबू क्रमांक अकरा. स्त्री, वय सदुसष्ट, विधवा. व्यवसाय: इस्त्री (माजी). सामान: दोन पिशव्या, एक घमेलं. व्यसन: चहा सोडून नाही. जवळचे नातेवाईक: दूरचे. वास्तव्याचा कालावधी: नव्वद दिवस, मुदतवाढ नाही.

‘माजी’ हा शब्द चर्चच्या सेक्रेटरींचा. लाँड्रीच्या मालकाने दुकान विकलं, तेव्हा इस्त्रीच्या टेबलाबरोबर टेबलामागची जागाही गेली. तिथे ती एकतीस वर्षं झोपत होती. चर्चने बेघरांसाठी अंगणात बावीस तंबू ठोकले, त्यात तिला अकरावा मिळाला. तिच्या हाताची सफाई तिसऱ्याच दिवशी उघडकीला आली. मग फादरांचा पांढरा झगा, वेदीवरची कापडं आणि हळूच सेक्रेटरींचे शर्टही तिच्याकडे येऊ लागले. इस्त्री चर्चची, वीज चर्चची, हात फुकट.

“मावशी, देवाघरचं काम,” शेजारच्या तंबूतला लंगडा कंडक्टर म्हणायचा. “पगार एकदम वर गेल्यावर.”

“मेल्या, आधी तुझी पँट टाक इकडे. तुला असा बघून देव आतून कडी लावून घेईल.”

ऐंशीच्या पुढे दिवस गेले, तेव्हा नगरपालिकेच्या वृद्ध बायकांच्या वसतिगृहात एक खाट रिकामी झाली. म्हणजे एक बाई वारली. अर्जाला एकच कागद जोडायचा होता: ही बाई बेघर आहे, असं एखाद्या संस्थेने लिहून दिलेलं. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. तंबू रविवारी उठणार होते.

मंगळवारी ती सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या हातचा दाखला घेऊन एकही पोरगं कधी वाईट वर्तणुकीचं म्हणून बाहेर पडलं नव्हतं.

“बेघर?” त्यांनी चष्मा काढला. “छे छे, मावशी. आमच्या अंगणात कोणी बेघर नाही. असला शब्द लिहायला माझा हात धजत नाही.”

त्यांनी लिहिलं: ‘सदर महिला आमच्या आवारात वास्तव्यास असून चर्च परिवाराच्या सदस्य आहेत. त्यांची येथे उत्तम सोय आहे. वर्तणूक चांगली.’ शिक्का दोनदा मारला, कारण पहिला नीट उमटला नव्हता. मावशीला वाचता येत नव्हतं. कागदाला चुणी पडू नये म्हणून तिने तो दोन दिवस घडी घातलेल्या कपड्यांखाली ठेवला आणि शुक्रवारी सकाळी नगरपालिकेत नेला.

खिडकीतल्या कारकुनाने तो वाचला. “आजी, तुमची तर उत्तम सोय आहे.”

“तंबू आहे हो तो.”

“इथे तंबू नाही लिहिलेलं. परिवार लिहिलंय.”

“रविवारी उठणार आहे तो.”

“मग सोमवारी या.”

“आणि खाट?”

“खाट आजच जाणार.”

दुपारी ती परत सेक्रेटरींसमोर उभी राहिली. त्यांना मनापासून वाईट वाटलं, स्वतःसाठी. “मी एवढं चांगलं लिहिलं, ते तुम्हाला डाचतंय?”

“वाईट लिहा हो साहेब. पाया पडते, वाईट लिहा.”

त्यांनी जावक रजिस्टर उघडून नोंद दाखवली. “एकाच शिक्क्यावर मंगळवारी एक खरं आणि शुक्रवारी दुसरं, हे कसं चालेल? आपलं चर्च आहे, पानाचं दुकान नव्हे.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “बघू. तेवढा फादरांचा झगा करून टाका. रविवारी निरोपाची प्रार्थना आहे.”

त्या ‘बघू’वर तिने झगा घेतला. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. कंडक्टर दारात येऊन पुन्हापुन्हा सांगत होता, “अगं मावशी, साडेचार झाले.” ती म्हणाली, “काम बघून माणूस विरघळतो रे.”

झगा चार चाळीसला तयार झाला. सेक्रेटरींनी तो उजेडात धरला, “वा” म्हणाले, कपाटात टांगला आणि कपाटाला कुलूप लावून चहाला गेले.

रविवारी फादरांनी त्याच झग्यात अहवाल वाचला: बावीस तंबू, एकही तक्रार नाही. वहीत अकरा नंबरपुढे सेक्रेटरींनी सुवाच्य अक्षरात शेरा भरला: ‘समाधानाने मार्गस्थ.’

ती सोमवारपासून बसस्टँडच्या मुतारीमागे झोपते.