एका ताग्याचे चार शर्ट

आमच्या घरात दिवाळीला एकच तागा यायचा. अप्पा आमच्या गावच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जाऊन कापड पसंत करायचे, म्हणजे दुसऱ्या कुणीही पसंत न केलेलं उचलायचे, आणि अप्पा, काका, दादा आणि मी अशा चौघांना त्याचेच शर्ट शिवून मिळायचे. चौघं एकदम बाहेर पडलो की आमच्या केशवापुरात कुणीतरी विचारायचंच, "आज बँड कुणाच्या लग्नात?" त्या वर्षी पोपटी रंगावर जांभळी चौकडी होती.

त्याच वर्षी मी बेंगळूरला प्राइडच्या मिरवणुकीला गेलो.

नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असताना, पुरुषच आवडणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी आमच्या घरात शब्दच नव्हता. मंगळवारी यल्लम्माचे जोगप्पा साडी नेसून, डोक्यावर देवीची टोपली घेऊन दारात यायचे आणि आई त्यांना तांदूळ घालून पाया पडायची. पुरुषानं देवीच्या नावानं साडी नेसली तर नमस्कार, स्वतःच्या मनानं गुलाबी रुमाल जरी घेतला तरी डॉक्टर, एवढं आमचं घर पुरोगामी होतं. पुढं बेंगळुरात आमच्यासारख्यांची दरवर्षी मिरवणूक निघायला लागली. तोवर मी विद्यानगरच्या एका कॉलेजात शिकवत होतो, तिशी उलटली होती, आणि बेळगावची एक मुलगी बघायला जायचा रविवार ठरला होता. त्याच्या आधीच्या रविवारी 'पेपर तपासायला जातो' असं सांगून मी निघालो.

मिरवणूक निघायची तिथं एका टेबलावर मुखवटे ठेवले होते, ज्यांना ओळख लपवायची असेल त्यांच्यासाठी. मी त्यातला सगळ्यात मोठा, मोरपिसांचा उचलला. खबरदारी म्हणून अंगठी काढली, घड्याळ काढलं. मग ढोल वाजायला लागले आणि दादाच्या वरातीत खांबासारखा उभा राहिलेला मी दोन तास नाचलो. इतका आनंद मला त्याआधी कधीच झाला नव्हता. शर्टाचा विचार मात्र मनात आला नाही. रोज चार जणांच्या अंगावर दिसणारी गोष्ट दिसायची बंद होते.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तर कन्नड पेपरात रंगीत फोटो. वर मोरपिसं, खाली आमचा तागा.

काका आपला शर्ट इस्त्रीच्या घडीसकट घेऊन देवघरासमोर उभे होते आणि शपथ घेत होते. दादा म्हणाला, "माझा शर्ट पोटावर असा बसतच नाही." माझा शर्ट बॅगेत होता, कॉलरला चमकी लागलेला. अप्पा घराबाहेर काढतील असं मला वाटत नव्हतं. ते यापुढे माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं, कामापुरतं बोलतील, याचीच मला भीती वाटत होती.

तेवढ्यात शेजारचे वकील पेपराची घडी घालून आले.

"अप्पा, हा शर्ट तुमच्यातला दिसायलाय की हो. कोण म्हणायचं हे?"

अप्पांनी चष्मा लावला. फोटो बराच वेळ बघितला. मी दारात उभा होतो.

"मीच की," अप्पा म्हणाले. "पेन्शनच्या कामाला बेंगळूरला गेलो होतो. ढोल ऐकला, राहवलं नाही."

"तुम्ही? अहो, तुमचे गुडघे?"

"बसलं की दुखतात. नाचताना काही नाही."

पेन्शनची कचेरी रविवारी उघडत नाही, हे वकिलांना ठाऊक होतं. शिवाय त्या सकाळी ते दोघं मारुतीच्या देवळात शेजारी शेजारी बसले होते. वकिलांनी अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा उलटतपासणी न करता चहा पिऊन गेले.

अप्पांनी चष्मा डबीत ठेवला.

"बेळगावला नको म्हणून कळवतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उगीच त्या पोरीच्या जिवाला घोर कशाला?"

ते उठले, आत जाता जाता दारात माझ्याजवळ थांबले.

"आणि पुढच्या वर्षी जाताना दुसरा शर्ट घाल. हा आता माझा म्हणून गावाला ठाऊक झालाय."