सादळलेली भाकरी

जतहून एसटी सुटली, तेव्हा बाहेर उघडी रानं, मेंढरं आणि पाण्याचा टँकर दिसत होता. महाबळेश्वरला स्वयंपाकाच्या कॉलेजात माझ्या सुनंदाची शेवटची परीक्षा होती. स्वतःला सुचलेला पदार्थ करून पाहुण्यांना वाढायचा, आणि पालकही पाहुणेच. "भाकरी थापायला कालेज कशाला?" म्हणत तिचे वडील घरी राहिले. मी ठेवणीतली साडी नेसून निघाले.

साताऱ्यात गाडी बदलली, पेढे घेतले. घाटात धुक्यानं काही दिसेना. वर उतरल्यावर टॅक्सीवाल्यानं विचारलं, "कुठनं आलासा, मावशी?"

"जतवरनं."

"मग पानी बगून घ्या. लय हाय इथं."

"बगते कशाला? बाटलीत भरून नेते," मी म्हटलं.

कॉलेजच्या दारात सुनंदा रडवेली उभी होती. "आई, भाकरी सादळली."

तिच्या पदार्थात सगळी मदार कडक भाकरीवर (ज्वारीची, वाळवून पापडासारखी कुरकुरीत केलेली). वर मटकीची उसळ आणि दही घालायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी भाकऱ्या भाजून तिनं घरच्यासारख्या टोपलीत फडक्याखाली ठेवल्या. जतच्या कोरड्या हवेत आम्हाला झाकणाचा डबा ठाऊकच नाही. इथल्या दमट हवेत त्या रात्रीत चिवट झाल्या. नव्या वाळवायला वेळ नव्हता. मलाही काही सुचेना, म्हणून तिच्या हातावर पेढा ठेवला.

ताट आलं तेव्हा मी बघतच राहिले. उसळ, दही आणि शेंगदाण्याची चटणी भरून भाकरीच्या घट्ट गुंडाळ्या केल्या होत्या. परीक्षकांनी भुवया उंचावल्या. "भाकरी कडक असणार होती ना?"

"सादळली, सर. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांसाठी कडक भाकरीवर पाणी शिंपडून मऊ करतात. तसंच आणखी पाणी शिंपडलं, ओल्या फडक्यात ठेवली आणि गुंडाळली."

त्यांनी एक गुंडाळी सावकाश संपवली, मग दुसरी उचलली. "पास. पुढच्या वर्गाला ही तूच येऊन करून दाखव."

शेजारच्या टेबलावर कुणी विचारलं नसतानाही मी सांगितलं, "माझी लेक हाय."

उरलेल्या भाकऱ्या पिशवीत घालून परतले. घरी येऊन दोन दिवसांत त्या पुन्हा वाळून कडक झाल्या. सुनंदाच्या वडिलांनी एक मोडली, कडकन आवाज झाला. खाऊन झाल्यावर म्हणाले, "पुढच्या बारीला मी बी येतो."

"या की," मी म्हटलं, "पण डबा तुमी धरायचा. झाकणाचा."