बंद दाराबाहेरचे सोनावणे सर

मंगल कार्यालयात स्वागतसमारंभ रंगात आलेला असतो. फोन घेण्यासाठी आपण बाहेर येतो, मागे दार बंद होते आणि आत वाजणाऱ्या गाण्याचे शब्द नाहीसे होतात. गायिकेचा आवाज विरतो, झांजा गप्प होतात, उरते ती फक्त धप-धप. इथवर सर्वांच्या परिचयाचे आहे. कोडे यापुढचे. एखाद्या गाण्याची ती धप-धप ऐकून कपाळाला आठी पडते, तर एखाद्या गाण्याची तशीच धप-धप ऐकून, कानाला फोन असतानाही, आपला पाय ठेका धरतो. शब्द दोन्ही गाण्यांचे गेले, सूरही दोन्हींचे गेले. मग फरक पडला कशाने?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आयुष्यभर शोधले आणि वाजवून दाखवले, ते डिस्को संगीताचे ज्येष्ठ निर्माते श्री. रत्नाकर सोनावणे यंदा वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांची विद्यार्थिनी म्हणून या गौरवग्रंथात चार शब्द लिहिण्याची संधी मला मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

सरांना मी प्रथम पाहिले ते स्वयंपाकघरात. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ध्वनिशास्त्राकडे वळले होते आणि कोणीतरी दिलेल्या पत्त्यावर डोंबिवलीहून ठाण्यात वर्तकनगरला त्यांच्या घरी पोहोचले होते. त्यांच्या पत्नी शालिनीताई यांनी दार उघडले. बाहेरच्या खोलीत मोठ्याने गाणे वाजत होते आणि ऐकायला तिथे कोणीच नव्हते. शालिनीताईंनी मला आत नेऊन मधले दार लावून घेतले. ओट्याला टेकून, डोळे मिटून सर उभे होते.

“बस, पण बोलू नकोस,” ते म्हणाले. “गाणं अजून पलीकडे आहे. इकडे आलं की सांगतो.”

“तोवर तुम्ही जरा पलीकडे सरका,” शालिनीताई म्हणाल्या. “माझी भाजी लागतेय.”

सरांची कामाची रीत मला त्या दिवशी कळली आणि तिच्यामागचे शास्त्र पुढे उलगडत गेले. झांजेसारखे उंच स्वर दारा-भिंतींत अडतात. खर्जाचे स्वर मात्र बरेचसे पार होतात. बंद दार म्हणजे एक गाळणी. ती गाण्यातली सारी सजावट काढून घेते आणि केवळ सांगाडा आपल्या हाती देते. डिस्कोचा सांगाडा वरकरणी अगदी सोपा असतो: चारही मात्रांवर ढोलाचा सारखा ठोका. पण ठोके सारखे असले म्हणून पाय हलत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत खर्जात वाजणारी बास गिटार नेमकी कुठे पाऊल टाकते, यावर सारे अवलंबून असते. तिने ती जागा भरून टाकली तर भिंत उभी राहते. किंचित मोकळी ठेवली तर ऐकणाऱ्याचा पाय तिथे शिरतो. आरंभीच्या कोड्याचे उत्तर या मोकळ्या जागेत आहे. सर प्रत्येक गाणे दाराबाहेर उभे राहून तपासत, ते तेवढ्यासाठी.

कॅसेटच्या जमान्यात त्यांची नाचाची गाणी ठाण्यापासून कल्याणपर्यंत गल्लोगल्ली वाजली. पुढे लोकांची आवड बदलली आणि काम थांबले. सर लग्नाच्या ऑर्केस्ट्रांना गाणी बसवून देऊ लागले, मुलांना कीबोर्ड शिकवू लागले. त्या काळात त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द मी ऐकला नाही. विचारले तर म्हणत, “पाय काही कुठे गेले नाहीत ना लोकांचे? मग आपण कशाला जायचं?”

त्यांच्या मायेचा एक प्रसंग इथे नोंदवायलाच हवा. माझे वडील अंथरुणाला खिळले आणि मी शिकणे सोडले. तेव्हा सर स्वतः कीबोर्ड घेऊन डोंबिवलीला आमच्या घरी येऊ लागले. बाबा आतल्या खोलीत, आमचा धडा बाहेर. एकदा त्यांना त्रास नको म्हणून मी आवाज कमी करू लागले. सर म्हणाले, “आधी आत विचारून ये.” मी दार उघडून विचारले. बाबा म्हणाले, “राहू दे गं. पाय हलतोय माझा.” बाहेर येऊन मी ते सांगितले, तर सरांनी एवढेच म्हटले, “मग बास बरोबर आहे. पुढे चल.”

आता अलीकडच्या पुनरागमनाविषयी. केतकी भोईर ही कोलशेतची तरुण पॉप गायिका. तिची गाणी मुलांच्या फोनवर सतत असतात. आईवडिलांच्या जुन्या कॅसेटवर तिने सरांचे काम ऐकले आणि ती थेट वर्तकनगरला आली.

“सर, मला तुमच्यासारखा बास हवाय.”

“माझ्यासारखा कशाला? माझाच घे की.”

कोलशेतच्या एका औद्योगिक गाळ्यात तिचा स्टुडिओ आहे. तिथे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि मग मिक्सिंग, म्हणजे प्रत्येक वाद्याची पातळी ठरवून सारे एकत्र आणण्याचे काम, सरांनी हाती घेतले. ते पूर्ण झाल्यावर गाणे प्रथमच सर्वांसमोर लावले, तेव्हा मी तिथे होते. झांजांची किनार इतकी धारदार होती की मान आपोआप मागे जात होती. सरांचा चेहरा मात्र प्रसन्न होता. आदरापोटी कोणी बोलेना. शेवटी केतकीच बोलली.

“सर, झांज टोचतेय.”

“टोचायलाच हवी. डिस्को आहे, अंगाई नाही.”

“टोचत नाही मग. सोलून काढतेय.”

सर हसले. मग तिच्याकडे नीट पाहून थांबले. त्यांनी झांज एकटी वाजवायला सांगितली. ती वाजू लागली, तरी ते विचारत होते, “लावली का?”

वयाबरोबर कानातले उंच स्वर आधी मावळतात, हे मी ध्वनिशास्त्राच्या वर्गात दरवर्षी शिकवते. जे ऐकू येत नव्हते, ते सर ऐकू येईपर्यंत चढवत गेले होते. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि काम सोडत असल्याचे सांगितले. केतकीने लगेच गाणे प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तिथून सुचवले गेले की उरलेले काम दुसऱ्या कोणी करावे, सरांचे नाव तेवढे राहू द्यावे. सरांनी नकार दिला. “नुसतं नाव ठेवून काय करणार? नाव काय नाचणार आहे?”

त्या दिवशी डबा घेऊन शालिनीताई आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्ही कधी गाण्याच्या खोलीत बसून ऐकलंत? जन्मभर माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिलात. तिकडे तरी कुठे ऐकू येत होती झांज?”

सरांनी प्लास्टिकचे स्टूल उचलले, बाहेर जाऊन बसले आणि म्हणाले, “केतकी, दार लाव. झांजेपासून वरचं सगळं तुझं. खालचं मी बघतो.”

तशी वाटणी झाली. ते बाहेरून आवाज देत: “दुसऱ्या कडव्यात बास घाई करतोय. थांबव त्याला, जागा दे.” ती आतून ओरडे, “झांज उतरवली, सर.” त्यावर उत्तर येई, “मला काय सांगतेस? तुझं खातं आहे ते.” गाणे याच पद्धतीने पूर्ण झाले, आणि त्यावर दोघांची नावे आहेत. आज केतकीमागोमाग इतर तरुण गायक-गायिकाही त्या गाळ्यात येतात आणि पहिला धडा म्हणून दाराबाहेर उभे राहतात.

मी एकदा सरांना विचारले, “वाईट वाटतं का?” ते म्हणाले, “वयानं माझ्या कानांना दार लावलं. पण दाराबाहेर बसायची मला सवय आहे.” आपल्या उणिवेचे इतके स्वच्छ मोजमाप करून तिच्यासह काम करणे, हे मी त्यांच्याकडून शिकलेले सर्वांत मोठे शास्त्र आहे.

सरांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, शालिनीताईंची साथ अशीच राहो आणि कोलशेतच्या त्या दाराबाहेरचे स्टूल दीर्घकाळ रिकामे न राहो, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची इच्छा. वाचकांनी माझ्या शब्दांवर विसंबू नये. घरी हे गाणे लावावे, बाहेर यावे आणि दार ओढून घ्यावे. शब्द जातील, केतकीचा आवाज जाईल, झांज जाईल. आता सरांना जेवढे ऐकू येते, साधारण तेवढेच आपल्यालाही ऐकू येत असेल. मग आपल्या पायाकडे पाहावे.