चढणीवरच्या गप्पा

मार्तंड गुरुजी जन्माचे अबोल. निजामीत त्यांनी उर्दूतून गणित शिकवलं, निजामी गेल्यावर मराठीतून शिकवलं, पण दोन्ही भाषांत मिळून माणूस फार काही बोलला नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या साली, पन्नाशीत, हेच गुरुजी एकाएकी बोलघेवडे झाले आणि सारं तुळजापूर खूश झालं. त्यांच्या बायकोला, वनमालाबाईंना, मात्र अन्न गोड लागेना.

घर देवळाजवळ, खाली. शाळा वर. त्या चढाच्या वाटेवर गुरुजी आता जागोजागी थांबत. कुंकवाच्या दुकानात पाऊसपाणी विचारत, बांगडीवाल्याकडं बाजारभाव. लोक म्हणत, लेकीचं लग्न ठरलं म्हणून गुरुजी खुलले. लीलाचं लग्न मार्गशीर्षात होतं. पण लग्नाच्या बैठकीतही ज्यानं तोंड उघडलं नाही, त्याला कुंकवाच्या दुकानात एवढं काय सुचतं? वनमालाबाईंना हातातलं काम सुधरेना.

शेवटी एका सकाळी त्या मागून गेल्या. दुकानदार बोलत होता. गुरुजी खांबाला धरून नुसती मान हलवत होते. कपाळावर घाम, एक हात छातीवर. जरा वेळानं चेहरा निवळला नि ते चालू लागले.

"वात आहे," घरी ते म्हणाले. "सोड्यानं उतरतो."

"वात काय चढण बघून येतो होय?"

गुरुजींनी टोपी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "भाऊ असाच गेला. मला ठाऊक आहे हे. पण लीलाचं होऊन जाऊ दे. बापाला काळजाचा रोग आहे म्हटल्यावर पाहुणे फिरतील. मग बघू."

त्यानंतर वनमालाबाईंनी त्यांना बघू दिलंच नाही. धरून सोलापूरला नेलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "चढताना छाती दाटते आणि थांबलं की मोकळी होते, तो वात नव्हे. काळजाला रक्त कमी पडतंय. तंबाखू आजपासून बंद. मीठ, तेल, तूप बेतानं. बरं वाटेल तसं सपाटीवर हळूहळू चालायचं. कळ आली की तिथंच बसायचं, ही गोळी जिभेखाली धरायची. तरी थांबली नाही तर तडक दवाखाना. उभं राहून लपवाल, तर एक दिवस उभ्याउभ्या जाल."

गुरुजींनी सगळं कबूल केलं. तंबाखूची चंचीही मुकाट काढून दिली. फक्त बसायचं तेवढं त्यांना जमेना. भर बाजारात बसलं की लोक विचारणार!

शाळेला निघाले तेव्हा वनमालाबाई सोबत निघाल्या. मास्तरीणबाई नवऱ्याच्या बरोबरीनं रस्त्यानं चालल्या म्हणून बाजार बघत राहिला. चढण अर्धी झाली आणि गुरुजींचा रंग उतरला. उतरला तोही नेमका उत्तरेश्वररावांच्या दारात. उत्तरेश्वरराव म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा, सोयरीक त्यांनीच जुळवलेली. ते ओट्यावर पान लावत होते.

गुरुजींनी ओट्याची कड धरली. "काय मामा, यंदा ज्वारी..."

वनमालाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. बोलावं तर लेकीचं मोडतं, न बोलावं तर... पण विचार पुरा व्हायच्या आत तोंडच सुटलं.

"ज्वारी गेली चुलीत! ह्यांच्या छातीत कळ येते, मामा. लई दिवसांपासून येते. तुम्हाला कळू नये म्हणून हे उभे राहून गप्पा मारतात. सोयरीक मोडायची तर मोडा, पण आधी ह्यांना बसू द्या!"

कुंकूवाला, बांगडीवाला दुकानांतून डोकावून बघू लागले. गुरुजींनी बायकोकडं जळजळीत पाहिलं. उत्तरेश्वररावांनी पान तसंच ठेवलं, डबा बाजूला सारला आणि ओट्यावर जागा केली.

"बसा गुरुजी. लग्नाचं बसून बोलू."

गुरुजी बसले. गोळी जिभेखाली धरून त्यांनी डोळे मिटले. वनमालाबाईंना रडू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता.

"लेकीचं लग्न लावायचं म्हणून मरायला निघाले होते," त्या मामांना सांगत होत्या. "बाप घालवून कुठल्या पोरीला लग्न हवं असतं हो?"