पंतांच्या जागेवर

भक्ती, लिही आता. तुझी आजी बोलते तसंच लिही, लय शुद्ध करत बसू नको, न्हाईतर माझं मलाच वळखू यायचं न्हाई. तलाठ्याच्या भरतीत तुझं नाव वेटिंगच्या यादीत ठिवलंय, आन् काल तू फोनवर मैत्रिणीला म्हणलीस, "वरचा एखादा गळाला की माझा नंबर." ते आयकून मला माझा बाप आठवला.

बाप म्हंजी बन्सीधर. आमी त्याला अप्पा म्हणायचो. पालमकडचा शेतकऱ्याचा लेक. निजामाचं राज्य व्हतं, कचेरीचा समदा कारभार उर्दूत. अप्पा गावच्या मौलवीकडं उर्दू शिकला आन् गंगाखेडच्या तहसिलीत उमेदवार म्हणून बसला. उमेदवार म्हंजी निवडणुकीतला न्हाई गं. कारकुनाच्या शेजारी बसायचं, शाई कालवायची, नकला उतरायच्या. पगार न्हाई, हुद्दा न्हाई. जागा रिकामी झाली की तुमचं नशीब. आन् जागा रिकामी कशी व्हायची? हातपाय चालतेत तवर कोण कशाला उठंल? कचेरीत कुणी शिंकलं की बाकीचे उमेदवारांकडं बघून हसायचे.

अप्पाला ज्यांनी हाताखाली घेतलं ते सितारामपंत. जुने कारकून. अप्पाला आपल्याच सतरंजीवर बसवून घ्यायचे, डब्यातलं लोणचं द्यायचे, अक्षर वाकडं आलं की बोटावर टिचकी मारायचे. खोकल्याची उबळ आली की म्हणायचे, "बन्सी, तिकडं बघ रे. तुझी नजर लागायली."

"पंत, तुमी शंभर वर्सं जगा."

"आन् तू काय काठी टेकत कारकून होणार? खोटं बोलू नको, लिही."

घरी माझी आजी, बायनाबाई, रोज दिवेलागणीला इचारायची, "पंताची तब्येत कशी हाय?" अप्पा म्हणायचा, "बरी हाय." मग आजी गप चुलीत फुकायची. कुणाचं वाईट चितायची न्हाई ती, पर इचारायची रोज.

मी रांगत व्हते तवा पंत हिवतापानं गेले. जागा रिकामी झाली. पंतांचा लेक रामप्रसाद तवा नुकता मिसरूड फुटलेला. तहसीलदारसाहेबानं अप्पाला बोलावलं. म्हणला, "बापाची जागा लेकाला द्यायची रीत हाय. पर तू जुना उमेदवार हाईस. तू हक्क सोडला तर लेकाला घेतो, न्हाईतर जागा तुझी. दहावं झालं की सांग."

दहाव्याला गंगेवर, म्हंजी आपल्या गोदावरीवर, समदे गेले. तुला ठावं हाय, पिंडाला कावळा शिवला की मेलेला सुटला. न्हाई शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकला, मग घरचे एकेक शब्द देतेत. त्या दिवशी कावळे लिंबावर भरपूर, पर खाली एक येईना. पंतांचा भाऊ म्हणला, लेकीचं लग्न मी करतो. कावळा येईना. मेव्हणा म्हणला, बहिणीला अंतर देणार न्हाई. येईना. ऊन चढलं. मग समदे अप्पाकडं बघाय लागले.

मेव्हणा म्हणला, "बन्सीधर, तुमी बोला. त्यांचा जीव त्या जागेत हाय."

अप्पा हात जोडून उभा राहिला. तोंड उघडलं आन् मिटलं. मला सांगायचा, "कासा, जीभ टाळूला चिकटली गं. सोडतो म्हणलं की जागा गेली, आन् न्हाई म्हणायला लाज वाटायली." शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परत येताना अप्पाशी कुणी बोललं न्हाई.

जागा अप्पाला मिळाली. आजीनं देवीला नारळ फोडला.

पर त्या दिवसापासून अप्पाच्या हातचं कावळा खाईना. हे मी डोळ्यानं बघितलंय. पितराच्या पंधरवड्यात अप्पा पत्रावळीवर भात, वडा, खीर ठिवून माळवदावर जायचा, आन् ते उन्हात वाळून टणक व्हायचं. तीच पत्रावळ मी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठिवली की कावळे झडप घालायचे. आई म्हणायची, "मनाचे खेळ हाईत तुमचे." अप्पा म्हणायचा, "माझ्या मनाचे आसतील, कावळ्याच्या बी मनाचे हाईत का?"

कचेरीत सुदिक तो सतरंजीच्या काठावरच बसायचा. पंतांची बाजू मोकळी. आलेल्या माणसानं तिकडं बूड टेकलं की अप्पा म्हणायचा, "जरा इकडं सरका." एकदा दुपारचा घरी आला, तोंड पांढरं. म्हणला, "कोणतरी खोकललं." आईनं इचारलं, "कोण?" तर म्हणला, "बाजूला कुणीच न्हवतं."

निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी अप्पाची तरक्की निघाली. पेशकार, म्हंजी समद्या कारकुनांच्या वर. आता त्याची, म्हंजी पंतांची, जागा रिकामी व्हणार. अप्पाच्या हाताखाली महारुद्र नावाचा उमेदवार आस लावून बसला व्हता. पर अप्पा म्हणला, ही जागा रामप्रसादला देतो, मग तरी पंत मला सोडतेल.

रामप्रसाद सोनपेठला कापडाच्या दुकानात बसायचा. बैलगाडीत मी बी संगं गेले, बाजार बघायच्या हौसेनं. अप्पानं त्याला समदं सांगितलं. तो कापडाचा तागा गुंडाळत आयकत व्हता. मग म्हणला, "काका, बाबा मला म्हणायचे, काय बी कर, पर मरणाची वाट बघत बसायच्या त्या कचेरीत जाऊ नको. मला ती जागा नकोच व्हती."

अप्पानं टोपी काढून मांडीवर ठिवली. मग म्हणला, "आरं, मग कावळा का शिवला न्हाई?"

"ते मी कसं सांगू? पर समद्यांनी शब्द दिला. तुमी त्यांच्या डब्यातलं खाल्लेलं, तुमी एक शब्द बी काढला न्हाई. जागा मलाच पायजे म्हणला आसता तरी चाललं आसतं. ते हसले आसते."

परतीला अप्पानं गंगेवर गाडी सोडली. शिदोरीतली भाकरी दगडावर ठिवली, आन् माझ्यादेखत मोठ्यानं बोलला, "पंत, जागा मलाच पायजे व्हती. तुमी गेल्याचं कळलं तवा आधी जागाच डोळ्यापुढं आली, रडू मागनं आलं." मी घाबरून त्याचं धोतर धरलं. कावळे पल्याडच्या काठावर वरडत व्हते. आमी लय येळ बसलो. एक बी इकडं आला न्हाई. अप्पा म्हणला, "उशीर झाला वाटतं," आन् गाडी जुपली.

तरक्की घेतली त्यानं. खालच्या जागेवर महारुद्र आला. पैल्याच दिवशी अप्पा त्याला म्हणला, "माझं दहावं आसंल तवा तू यायचं. गप उभं राहायचं न्हाई. मनात जे आसंल ते बोलायचं, वंगाळ आसलं तरी."

महारुद्र हसला. "काय बी बोलता, अप्पा. अजून लय हाईत तुमी."

अप्पा हसला न्हाई. "शब्द दे."

त्यानं दिला. पर महारुद्र अप्पाच्या आधीच गेला, पटकीनं. त्याच्या दहाव्याला अप्पा गेला, पर काय बोलला ते कुणाला सांगितलं न्हाई.

म्हातारपणी अप्पा खाटेवर पडला तवा रोज इचारायचा, "गंगेवर कोण कोण यील?" मी नावं सांगायची. तो मान हलवायचा. हा खरं बोलायचा न्हाई, तो बी न्हाई.

तो गेला. दहाव्याला बायका घाटावर जात न्हाईत. मी दारात बसून राहिले. ऊन उतरल्यावर माझा भाऊ रायभान आला. मी इचारलं, "शिवला का रे?"

तो वाकून पायावर पाणी घेत व्हता. "शिवला," म्हणला. वर बघितलं न्हाई.

मी म्हणलं, "भाकरी खाऊन घे."